घराचे कल्ले

सुगंधा भुवडनं कढईत सुक्या मिरच्या टाकल्या, उलथन्यानं हलवल्या, आणि ठसका लागायच्या आतच वर आढ्याजवळ ‘टक्’ असा आवाज झाला. चुलीच्या डोक्यावरचा कल्ला मिटला होता. धूर जायची वाट बंद झाली आणि स्वयंपाकघरात मिरच्यांचा खकाणा कोंडला.

“आता मिटायचं काय कारण होतं तुला?” ती घरालाच म्हणाली आणि पदर नाकाशी धरून मागचं दार उघडायला धावली.

पडवीतल्या खाटेवर दत्ताराम हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना अर्ध्याच चेहऱ्यानं हसता यायचं, पण ते हसू पुरं असायचं. बायको घराशी भांडते याची त्यांना मोठी गंमत वाटे. ती कढई उतरवायची, चूल निवायची, आणि थोड्या वेळानं कल्ला पुन्हा ‘टक्’ करून उघडायचा. मग सुगंधा वर बघून म्हणायची, “झालं समाधान?”

कल्ले हे नाव खडपेवाडीनं ठेवलं होतं. सरकारी कागदावर त्यांना ‘उष्णतासंवेदी वायुझडप’ म्हटलेलं होतं, पण ते कोण उच्चारणार? वळचणीला आणि आढ्याला ओळीनं बसवलेल्या त्या भाजक्या मातीच्या चौकटी होत्या, हाताच्या पंजाएवढ्या. प्रत्येकीत धातूच्या पातळ पट्ट्या माशाच्या कल्ल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या असत. प्रत्येक पट्टी दोन धातूंची जोडून केलेली. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त लांबतो, त्यामुळे पट्टी वाकते आणि फट मिटते. थंड झाली की पट्टी सरळ होते आणि फट उघडते. ना वीज, ना बटण, ना कोणी माणूस लागे. एरवी घर त्या कल्ल्यांतून श्वास घेई. एप्रिलच्या घामट दुपारीसुद्धा माळ्यावरची गरम हवा निघून जाई आणि खाली बरं वाटे. आणि वणवा आला, तर घर आपणहून तोंड मिटून घेई.

वणवे खडपेवाडीला नवे नव्हते. वाडीच्या डोक्यावरच कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार होतं. पावसाळ्यानंतर तिथलं गवत वाळून सोन्यासारखं दिसे आणि दर वर्षी कुठे ना कुठे पेटे. पूर्वी पोरं ओल्या टहाळ्या घेऊन वर जात आणि झोडून झोडून आग विझवून येत. पण मग थंडी आखडत गेली, उन्हाळा लांबत गेला. माणसं मुंबई-पुण्याला गेली ती गेलीच. त्यांच्या सोडलेल्या काजूच्या बागांत रानमोडी, ते माजणारं तण, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली, वाळली, आणि पुढच्या वर्षी तिच्यावर आणखी वाढली. आता जो वणवा येई, तो टहाळ्यांना जुमानत नसे.

अशाच एका वणव्यात सुगंधाचं आधीचं घर गेलं होतं. ते कसं गेलं हे तिला कितीतरी दिवस समजलं नव्हतं. आग घरापुढच्या खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि तिथंच थांबली होती. खळ्यात जळायला काही नव्हतंच. भिंतींना आगीची झळसुद्धा लागली नव्हती. तरी तासाभरानं घर वरून पेटलं आणि कौलं खाली कोसळली. वाडीत कोणी म्हणालं, देवाचा कोप. कोणी म्हणालं, विजेची तार.

शर्वरी टिकेकर वाडीत आली ती हे कोडं घेऊनच. रत्नागिरीच्या एका संशोधन संस्थेत ती घरांच्या बांधणीवर काम करायची. तिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, बोलताना सतत वर छपराकडे बघायची सवय असलेली. तिनं शाळेच्या मैदानात दोन छोटी छपरं मांडली. एक जुन्या पद्धतीचं, कौलांखाली पालापाचोळा आणि उंदरानं नेलेल्या चिंध्या असलेलं. दुसरं नव्या पद्धतीचं. समोर एक मोठा पंखा लावला आणि त्याच्यापुढे नारळाची पेटलेली सोडणं धरली. ज्वाला छपरांपर्यंत पोचतच नव्हत्या. फक्त ठिणग्या उडत होत्या आणि निखाऱ्याचे कपचे वाऱ्यावर जाऊन कौलांवर आपटत होते. वाडी उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं जुन्या छपराच्या फटींतून धूर यायला लागला आणि मग ते आतून पेटलं.

शर्वरीनं फार काही सांगितलं नाही. घराला समोरून येणारी आग जाळत नाही, वाऱ्यावरून पुढे येणारे निखारे जाळतात, आणि त्यांना करंगळी जाईल एवढी फट पुरते, इतकंच म्हणाली. सुगंधाला तेव्हा रडू आलं होतं. आपलं घर कोणाच्या कोपानं गेलं नव्हतं, एवढं कळल्याचंच ते रडू होतं.

पुढचे दोन उन्हाळे वाडीतल्या घरांवर काम चाललं. कौलं चुन्यात घट्ट बसवली, वळचणीच्या फटी जांभ्यानं बुजवल्या, हवेसाठी कल्ले ठेवले. घराभोवती जांभ्याच्या कपच्यांचा मोकळा पट्टा केला, त्यात गवताची काडी राहू द्यायची नाही. भिंतीला टेकून रचलेला लाकूडफाटा लांब नेऊन ठेवला. दाराशेजारी एक पांढरी डबी लावली. आतली हवा किती तापली आणि आत कोणी श्वास घेतंय का, हे ती डबी शर्वरीच्या फोनवर कळवायची. काम संपल्यावर शर्वरीनं घरोघर फिरून एकच गोष्ट बजावली होती. भोंगा वाजला की दारंखिडक्या लावायच्या आणि निघायचं. घर आपलं आपण सांभाळेल, तुम्ही थांबायचं नाही.

त्या वर्षीचा शिमगा होऊन गेला होता. पालखी देवळात परतली होती आणि मुंबईकर चाकरमानी आपापल्या गाड्यांतून गेले होते. वाडीत राहिली होती ती म्हातारी माणसं, काही बायका आणि थोडी पोरं. दुपारी जेवणं उरकत असताना सड्यावरच्या टेहळणी मनोऱ्याच्या कॅमेऱ्यानं धूर ओळखला आणि शाळेवरचा भोंगा वाजला.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वाडीचे गावकर बाळकृष्ण नवेले, ज्यांना सगळे बाळादादा म्हणत, टेम्पो घेऊन दारोदार फिरले. सुगंधाच्या दाराशी ते आले तेव्हा टेम्पो भरलेला होता. दत्तारामांना आडवं ठेवायला त्यात जागा नव्हती, आणि बसवून नेलं असतं तर त्यांची मान सावरली नसती. पण तालुक्याहून रुग्णवाहिका निघाली होती. तसा फोन आला होता. सुगंधानं बाळादादांना सांगितलं की तुम्ही निघा, आमची गाडी येतेच आहे. बाळादादा निघेनात. तेव्हा तिनं दाराची कडी वाजवून, जवळजवळ रागावूनच, त्यांना पाठवलं.

रुग्णवाहिका आली नाही. घाटाच्या वळणावर धूर इतका उतरला होता की चालकाला पुढचं काही दिसेना, आणि तो मागे फिरला. सुगंधाला हे फोनवर कळलं तेव्हा सड्याच्या कडेवर आकाश तांबूस झालं होतं.

ती घाबरली, पण घाबरून बसायला वेळ नव्हता. तिनं खाटेसकट दत्तारामांना पडवीतून ओढत माजघरात आणलं. हंडे, कळशा भरून घेतल्या. चादरी भिजवल्या. खिडक्यांची लोखंडी पानं लावली. दत्ताराम तिला डाव्या हातानं खुणा करत होते, तू जा म्हणून. तिनं बघितलंच नाही असं केलं.

तेवढ्यात दारावर धडका बसल्या.

आधी तिला वाटलं वारा असेल. मग कोणीतरी “काकी!” अशी हाक मारली. दार उघडावं की नाही, याचा तिनं क्षणभर विचार केला. दारं लावून ठेवा, हेच तर वाडीला शिकवलं होतं. पण शिकवणारीचाच तो आवाज होता. सुगंधानं कडी काढली आणि शर्वरी आत पडली. तिच्याबरोबर गरम वारा आला आणि मूठभर निखारे आले. एक दत्तारामांच्या गोधडीवर पडला. सुगंधानं तो तळव्यानंच विझवला आणि दार लावून घेतलं.

शर्वरी शेजारच्या गावात घरं तपासायला आली होती. वाडी रिकामी झाल्याचा निरोप तिला मिळाला होता, पण फोनवर या घराच्या डबीची खूण पेटलेलीच राहिली, आत माणसं आहेत अशी. तिनं गाडी पायथ्याशी सोडली आणि ती पाखाडीच्या पायऱ्यांनी धावत वर आली. ओढणीचं टोक जळलेलं होतं. पाणी प्यायल्यावर पहिल्यांदा तिनं वर छपराकडे बघितलं.

तेव्हाच कल्ले मिटायला लागले. सड्याकडच्या बाजूनं एक, मग दुसरा, मग सगळेच. अख्खं घर टकटकलं. फटींतून येणारी उजेडाची एकेक रेघ नाहीशी झाली आणि माजघर काळोखं झालं. मग कौलांवर आवाज सुरू झाला. कोणी वरून सुपानं तांदूळ ओततंय असा. निखारे पडत होते.

सुगंधानं देवाचं नाव घेतलं. शर्वरी मात्र मान वर करून मोजल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती. एकाएकी ती थांबली आणि तिनं माळ्याकडे बोट दाखवलं. तिथं अजून एक तांबडी रेघ दिसत होती. सगळे कल्ले मिटले होते, पण एक मिटला नव्हता.

शर्वरी शिडीवरून माळ्यावर चढली. तिनं वरूनच ओरडून सांगितलं की कल्ल्याच्या पट्ट्यांमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलंय, पट्टी त्याला अडून राहिलीय. माशीनं ते इतकं पक्कं बांधलं होतं की नखांनी निघत नव्हतं. फटीतून ठिणग्या आत येत होत्या. तिनं खाली काहीतरी ओलं आणि घट्ट मागितलं. कापड नको, ते वाळून पेटेल. चिखल असेल तर उत्तम.

घरात चिखल कुठून आणणार? अंगणात जाणं शक्य नव्हतं. सुगंधा काळोखात स्वयंपाकघरात गेली, इकडेतिकडे चाचपडली आणि तिचा हात परातीला लागला. संध्याकाळच्या भाकऱ्यांसाठी दुपारीच तांदळाची उकड काढून, मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. तिनं तो सगळा गोळा उचलला आणि शिडीवरून वर दिला.

शर्वरीनं एकदा गोळ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग ती तो फटीत थापायला लागली. उकड तापून चटचट वाजत होती. तिच्यावरून आणखी उकड. खालून सुगंधा ओली चादर वर देत होती आणि शर्वरी माळ्यावर पडलेल्या ठिणग्या त्या चादरीनं दाबत होती. हळूहळू ती तांबडी रेघ बारीक झाली आणि शेवटी दिसेनाशी झाली. भाजलेल्या तांदळाचा वास सगळ्या घरात पसरला. शर्वरी खाली उतरली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिघंही जमिनीवर, ओल्या चादरींखाली पडून राहिली. दत्तारामांना दोघींनी खाटेवरून उतरवून मध्ये घेतलं होतं, कारण गरम हवा वर राहते आणि खाली थोडा गारवा असतो. बाहेर बागेतली रानमोडी जळत होती. तिचा आवाज एखाद्या मोठ्या धबधब्याजवळ उभं राहिल्यासारखा येत होता. भिंतींमधून हळूहळू ऊब आत झिरपत होती. श्वास घेताना घसा सुकत होता.

सुगंधाच्या लक्षात आलं की शर्वरी थरथरतेय. तिनं तिच्या केसांवर हात ठेवला.

“घर टिकलंय ना, बाय? मग एवढी का घाबरतेस?”

“मी हे घर सोडून जाण्यासाठी बांधलंय, काकी,” शर्वरी म्हणाली. “आत माणसं असतील असं धरून एकही चाचणी केलेली नाही. आतली हवा किती वेळ पुरेल, मला खरंच माहीत नाही.”

 “आता होतेय की चाचणी,” सुगंधा म्हणाली.

दत्तारामांच्या घशातून एक आवाज आला. दोघी दचकल्या. मग सुगंधाला कळलं की ते हसताहेत.

त्या काळोखात किती वेळ गेला, हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. दत्तारामांचा श्वास जड झाला तेव्हा तिनं त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावलं, एवढं तिला आठवे. शर्वरी दर थोड्या वेळानं डबीचा आकडा बघायची आणि तो मोठ्यानं सांगायची नाही. सुगंधाला वाटत होतं की आपण मरणार असू तर आपल्या घरात, आपल्या माणसाशेजारी मरू, हे काही वाईट नाही. पण ही परक्याची पोर आपल्यासाठी आत आलीय, तिला काही व्हायला नको. सगळा वेळ ती देवाकडे तेवढंच मागत होती.

शेवटी एक कल्ला उघडला. ‘टक्’. उजेडाची एक रेघ तिरपी खाली उतरली आणि तिच्यात धुराचे बारीक कण तरंगताना दिसले. मग दुसरा उघडला. मग एकामागून एक असे बाकीचे. उकडीनं बुजवलेला तेवढा बंद राहिला. ताजी म्हणावी अशी ती हवा नव्हती, तिला राखेचा वास होता. पण सुगंधानं आयुष्यात इतका गोड श्वास कधी घेतला नव्हता.

दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा सडा काळा पडला होता आणि जागोजाग धुमसत होता. बागेतली झाडं करपली होती. शेजारचा लाकडांचा मांडव जळून गेला होता. पण खडपेवाडीची घरं उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल कौलं दिसत होती, राखेनं मळलेली, पण धड. शर्वरी पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. सुगंधानं तिला रडू दिलं. मग आत जाऊन तिच्या हातांसाठी खोबरेल घेऊन आली, तर शर्वरी म्हणाली, आधी थंड पाणी. तेव्हा दोघींनाही हसू फुटलं.

पुढचे दिवस आभाराचे होते. वाडी परतली. आपापल्या घरात शिरून लोकांनी भिंतींना हात लावून बघितला. देवळात घंटा वाजवली. शर्वरी हातांना पट्ट्या बांधून घराघरातले कल्ले तपासत फिरायची, आणि जिथं जाईल तिथं तिच्यासमोर काही ना काही येई. कोणी ओले काजूगर दिले, कोणी कोकमाचं आगळ, कोणी फणस. एका म्हातारीनं तिच्या पायांना हात लावला. ती मागे सरकली तरी तिनं सोडलं नाही. दत्तारामांनी दोन दिवस सराव करून तिचं नाव उच्चारलं. ‘शरवी’ असं काहीतरी झालं ते, पण ते ऐकून ती उंबऱ्यावरच थबकली होती.

एका संध्याकाळी सहाणेवर, जिथं शिमग्यात पालखी बसते, तिथं सगळे जमले. बाळादादांनी शर्वरीचे आभार मानले. मग ते म्हणाले, आता वाडीनं एक ठरवलंय. पुढच्या वेळी भोंगा वाजला तर कोणी जायचं नाही. घरं टिकतात, आत माणसं टिकतात, हे सुगंधावहिनींनी दाखवून दिलंय.

शर्वरीचा चेहरा उतरला. तिनं समजावून बघितलं. हे घर माणसांसाठी तपासलेलं नाही, या वेळी वाचलो ते नशिबानं. लोक मान डोलावत होते, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

मग बाळादादा हळू आवाजात बोलले.

“ताई, मागच्या मोठ्या वणव्यात माझी आई मी टेम्पोत घातली. घाटात गाड्यांची रांग लागली होती. ऊन, धूर. तिथंच ती गेली. आमचं घर त्या वेळी जळलंच नाही. ती घरात असती तर आज असती. तिला बाहेर काढून मी काय मिळवलं?”

 

सुगंधा मागे बायकांमध्ये बसली होती. ती उठली. चार लोकांत बोलायची तिला सवय नव्हती, पण आत काय झालं ते सांगायला हवं होतं, आणि ते तिनं सांगितलं. काहीच न लपवता. एक कल्ला मिटला नाही. का, तर एक माशी. ही पोर नियम मोडून आली नसती, तर माळ्यावर मला एकटीला चढता आलं असतं का, मला माहीत नाही. ठिणगी आत आल्याचं मला कळलं तरी असतं का, तेही माहीत नाही. हे घर चांगलं आहे आणि मी रोज त्याच्या पाया पडते, पण आम्ही वाचलो ते एका घरामुळे आणि एका माणसामुळे. पुढच्या वेळी तुमच्या प्रत्येकाच्या दाराशी ती कशी येईल?

 सुगंधा खाली बसणार होती, पण बसली नाही. तिनं बाळादादांकडे बघितलं, त्यांच्या शेजारी काठ्या टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि मग शर्वरीला विचारलं, “ज्यांना जाताच येत नाही, त्यांनी आत थांबावं, असं एक तरी घर तुला बांधता येईल का गो?”

 शर्वरीनं पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले.

“बांधता येईल,” ती म्हणाली. “सगळ्या वाडीचं मिळून एक. जाड जांभ्याच्या भिंती, हवेची वेगळी टाकी, एक कल्ला अडला तर मागे दुसरा. मी काल रात्री चित्रही काढलंय. पण किती तापलं, किती धूर आला, हे यंत्र सांगतं. आतलं थकलेलं माणूस किती सोसू शकेल, हे सांगत नाही. शेवटी एकदा, सगळी तयारी ठेवून, भोवती खरी आग लावावी लागेल आणि आत माणसं बसवावी लागतील. मी बसेनच. पण मी धडधाकट आहे, माझ्या बसण्यानं काय कळणार? ते घर ज्यांच्यासाठी असेल, त्यांच्यापैकी कोणीतरी आत हवं.”

तिनं सगळ्यांकडे बघितलं.

दत्तारामांना त्या दिवशी खुर्चीवर बसवून सहाणेपर्यंत आणलं होतं. सुगंधाला त्यांच्याकडे वळून बघायची गरज नव्हती. ते काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं, आणि आपण काय म्हणू हेही. या पोरीसाठी त्या दोघांनी काहीही केलं असतं. पण तिच्या उपकारांची फेड म्हणून आगीत बसायचं आणि तिच्या भिंतींवर विश्वास ठेवून आगीत बसायचं, या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि आपल्या मनात यांतली कुठली आहे हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

“सांगा ना,” शर्वरी म्हणाली. “कोणाला बसवू मी आत?”